लॉनची भाजावळ

लॉन पेटवून हिरवं करता येतं, असं मला एकदा वाटलं होतं. वाटलं म्हणजे काय, मी पेटवलंच. तेव्हा मी साठीला टेकलेली, दोन नातवंडांची आजी. पोरवयाचं निमित्तही नव्हतं.

दिंडोशीला आमचं घर तळमजल्यावर. मागच्या दारापुढे चार पावलांत संपेल एवढी जागा, तिथे ह्यांनी निवृत्तीनंतर लॉन लावलेलं. मग ह्यांना अर्धांगाचा झटका आला. दीड महिना मी हॉस्पिटलात, गवताकडे बघतो कोण? घरी आलो तेव्हा चाई पडलेल्या डोक्यासारखं ते विरळ झालं होतं. मधे मधे नुसती दगडी माती.

व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी म्हणाली, "आजी, ह्यांना पडायची भीती बसलीय. लादीवर पाऊल टाकत नाहीत. मऊ गवतावर टाकतील. पण लवकर हं, पहिले काही महिनेच हातात असतात."

माळ्याला विचारलं. तो म्हणाला, लोखंडी काट्याने माती टोचा, कुजलेलं खत नि रेती पसरा, सकाळी पाणी घाला. दोनेक महिन्यांत भरेल.

दोन महिने! ह्याला काय कळतंय, म्हटलं. गावी माझे वडील दर उन्हाळ्यात भाताच्या रोपांची जागा भाजायचे, भाजावळ करायचे. खाली शेण, वर पालापाचोळा, त्यावर माती, आणि आग. पावसात तिथे अशी रोपं उठायची की बघत राहावं. पण त्या जागेत आधी काही नसतं, भाजून झाल्यावर पेरतात, हे ह्या शहाणीच्या डोक्यात आलं नाही. शेतकऱ्याची लेक म्हणून मिरवायची. शेतात केलं काय होतं, तर बांधावर बसून बोरं खाल्ली होती.

गोवऱ्या आणल्या, पाला पसरला, काडी लावली. धूर तिसऱ्या मजल्यावर. वरची शेजारीण ओरडली, "ओ काकू, होळी झाली ना! कपड्यांची वाट लावलीत!"

मी खालून तोऱ्यात, "पंधरा दिवसांनी बघायला ये गं!"

पंधरा दिवसांनी राख होती. महिन्यानेही राखच, फक्त तिचा चिखल झालेला, कारण मी पाणी घालतच होते. माळ्याने खुरप्याने उकरून एक काळा दोरा तळहातावर धरला. मुळं शिजली होती. नवं आता पाऊस लागल्यावरच, म्हणाला.

तोवर ह्यांचा पाय आखडला. ती मुलगी गुडघा वाकवून बघायची आणि माझ्याकडे बघायचं टाळायची. रोज यायची ती आठवड्यातून एकदा येऊ लागली. ह्यांना पुन्हा उभं राहिलेलं मी पाहिलं नाही.

एका दुपारी ह्यांची खुर्ची मागच्या दारात ओढली आणि सगळं कबूल केलं. माळी काय म्हणाला होता, मी काय केलं, सगळं. घरात आम्ही मालवणीच बोलायचो. वाकड्या झालेल्या तोंडातून एकेक शब्द ओढत, त्या काळ्या चौकोनाकडे बघत हे म्हणाले,

"माका मसणात न्हेवच्या आदी जागा करून ठेवलंस, बरां केलंस. पण इतक्याशा जाग्यात माझे पाय भायर ऱ्हवतले गो."