लताबाईची भट्टीवरची राखण

लताबाईचा कोणावर विश्वास नव्हता. सिन्नरला आम्ही दोघी एकाच ओट्यावर विड्या वळायचो, पण पाणी प्यायला उठली तरी ती आपली पानं-तंबाखू बरोबर घेऊन जायची. मला राग यायचा, मग सवय झाली. तिच्या नवऱ्याने परसात हातभट्टी लावली होती. मी फक्त गाळतो, पीत नाही, असं म्हणत म्हणत तो त्याच दारूने गेला. अशा बाईने विश्वास ठेवायचा तरी कोणावर?

मुलगी मोहिनी तिने निर्व्यसनी घर बघून दिली. जावई धनराज सातपूरच्या एका वर्कशॉपात वेल्डर होता. दोन हजार दोन साली वर्कशॉप बंद पडलं आणि दोघं सिन्नरला आली. धनराजने माळावर पत्र्याची शेड टाकली. विडी कारखान्यात तंबाखू चाळल्यावर उरणारी भुकटी नि काड्या तो पोत्यांनी आणू लागला. ही घाण खड्ड्यात पडायची आणि वारा सुटला की अख्खी गल्ली शिंकायची. ती कोणी मुद्दाम उचलून नेतो म्हटल्यावर लताबाईचे कान टवकारले. यात काहीतरी काळंबेरं आहे, असं ती मला रोज सांगायची.

एका सकाळी तिने मला ओढतच शेडवर नेलं. धनराज सरपण आणायला गेला होता, मोहिनी एकटीच होती. चुलाण्यावर बंद ड्रम, त्यातून निघालेली नळी, नळी पाण्याच्या पिंपातून गेलेली आणि टोकाला कॅनमध्ये थेंब थेंब गळतंय. हातभट्टीच ही, लताबाई म्हणाली. संसाराची वर्षं तिने हेच बघण्यात घालवली होती. खरं सांगते, मलाही दुसरं काही सुचलं नाही.

मोहिनी समजावत होती. ड्रममध्ये हवा जात नाही, म्हणून तंबाखू जळत नाही, तिचा कोळसा होतो. धूर नळीत थंड होऊन काळं पाणी गळतं, ते पिंपळगावचे एक द्राक्षवाले कीड मारायला फवारून बघणार आहेत. कोळसा बघायला दुपारी पहिलं गिऱ्हाईक येणार होतं. लताबाईने काही ऐकलं नाही. कपडे भर आणि घरी चल, म्हणाली. मग जावयाला रंगेहाथ पकडायचं म्हणून पदराने धरून तिने झाकणाच्या कड्या काढल्या.

हवा लागताच भडका उडाला. लताबाईच्या भुवया जळाल्या. धनराज धावत आला, पण वाकडं झालेलं झाकण बसेना. गिऱ्हाइकाला दाखवायला राख उरली.

आता हा ओरडणार, असं मला वाटलं. त्याने कॅन उचलून सासूच्या नाकाशी धरला. विझलेल्या थोटकासारखा उग्र, कडू वास. दारूचा नव्हे. तिने पुन्हा हुंगून बघितलं.

"मामी, रोज संध्याकाळी या, माझं तोंड हुंगा," तो हसत म्हणाला. "फक्त झाकणाला हात लावू नका."

"मोहिनीचा बापबी पहिल्या वर्षी असाच हसायचा, जावईबापू."

धनराजचं हसू मावळलं. मोहिनीने कपडे काही भरले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून लताबाई विड्या वळायला शेडवरच बसू लागली. हळूहळू जाळही तीच घालू लागली. सासूने जावयाचा धंदा उभा केला, असं गाव कौतुकाने म्हणतं. पण निघताना ती रोज त्याच्यासमोर उभी राहते आणि तो मुकाट्याने वाकून तोंड उघडतो.

वर्षं गेली तशी मलाच त्याची दया आली. आता पुरे कर, मी तिला म्हटलं.

"माझ्या आईनं माझ्या नवऱ्याचं तोंड एकदाबी हुंगलं नाय," ती म्हणाली.