ब्रेक चांगला होता

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही. देवापुढं हात जोडते तेव्हासुद्धा हा विषय टाळूनच पुढं जाते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि जिला सांगायला हवं, तिच्यापुढं माझी जीभ रेटत नाही. नऊ वर्षं झाली.

गोष्ट एका बाबागाडीची आहे. हसू नका. बाबागाडीपायी कुणाचं काय बिघडणार, असं मलाही वाटायचं.

तेव्हा माजलगावात आम्ही सगळे एकत्र राहत होतो. सासूबाई, मोठे दीर — त्यांना आम्ही दादा म्हणतो — त्यांची बायको सुमनताई, माझा नवरा सतीश, मी आणि आमची दीड वर्षांची आर्वी. मला सहावा महिना लागला होता. सुमनताईंच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि त्यांना मूल नव्हतं. औषधं झाली, बीडचे झाले, संभाजीनगरचे डॉक्टर झाले. शेवटी दोघांनी ठरवलं, मूल दत्तक घ्यायचं. फॉर्म भरला होता. संस्थेची माणसं घर बघायला येणार होती, त्या दिवसाची दोघं वाट बघत होती. आर्वी त्यांना मोठी आई म्हणायची. म्हणजे ‘मोताई’ असं काहीतरी. सकाळी डोळे उघडले की माझ्याआधी तिला त्या लागायच्या.

आणि मला? मला खरं सांगायचं तर थोडी जळजळ व्हायची. पण त्यावर बोट ठेवून मी सुटणार नाही. कारण ते नव्हतं. निदान तेवढंच नव्हतं.

मला त्या दिवसांत काळजीनं पोखरलं होतं. दोन लेकरं एकदम कशी आवरायची? एकाला घेतलं की दुसरं रडणार. शाळेतली माझी नोकरी, रजा संपली की पुढं काय? या सगळ्या काळजीला मी एक उत्तर शोधून काढलं — गाडी. चांगली बाबागाडी मिळाली की सगळं जमेल, असं माझ्या डोक्यात बसलं. दोन महिने मी मोबाईलवर दुसरं काही पाहिलं नाही. एक सीटची घ्यावी की दोन सीटची? दोन सीटची तर शेजारी शेजारी की पुढंमागं? लहान बाळाला आडवं निजवता येतं की नाही? घडी एका हातानं होते का? लोकांनी लिहिलेलं वाचायची, आणि एकानं चांगली म्हटलेल्या गाडीला दुसऱ्यानं नावं ठेवलेली दिसली की परत पहिल्यापासून.

सुमनताई एक दिवस माझ्याशेजारी येऊन बसल्या. त्यांनी फोटो बघितले, मग उठून फाटकाजवळ गेल्या आणि सुतळीच्या तुकड्यानं फाटकाच्या छोट्या दाराची रुंदी मोजून आणली.

‘‘शेजारी शेजारी बसायची गाडी ह्यातून जायची न्हाई,’’ त्या म्हणाल्या. ‘‘अन् ही बारकी चाकं आपल्या गल्लीत काय कामाची? सगळा उतार, सगळे खड्डे. मोठ्या रबरी चाकाची एकच सीटवाली घे. आर्वी वर्षात पळायला लागंल बघ.’’

बरोबर होतं ते. अगदी बरोबर. आणि म्हणूनच मला झोंबलं. ज्यांना मूल नाही त्यांनी मला शिकवावं? — असं माझ्या मनात आलं. हे असं आलं होतं, ते मी इथं लिहून ठेवते.

मी दोन सीटचीच मागवली. जांभळी, वर टप, शेजारी शेजारी दोन गाद्या, खाली बोटभर प्लास्टिकची चाकं. ती खोक्यातून आली, सतीशनं जोडली, आणि ती छोट्या दारातून गेली नाही. मोठं फाटक उघडावं लागलं. सतीश हसला. सुमनताई मात्र हसल्या नाहीत. ‘‘रंग लई छान हाय,’’ एवढंच म्हणाल्या. त्यांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटलंय.

चौथ्या दिवशी मला कळलं की ब्रेकमध्ये खोट आहे.

मागच्या चाकापाशी एक लाल खटका होता. पायानं दाबला की ‘कट्’ असा आवाज यायचा, म्हणजे ब्रेक लागला. सपाटीवर लागायचाही. पण फाटकाबाहेर उतारावर मी गाडी उभी केली, खटका दाबला, आवाज आला, आणि हात काढल्यावर गाडी हळूच पुढं सरकली. रिकामी होती. मी धरली. परत दाबला. परत सरकली. चार-पाच वेळा करून बघितलं. कधी थांबायची, कधी नाही.

परत पाठवायला अजून सहा दिवस होते. मोबाईलवर दोन बटणं दाबायची होती. मग का नाही पाठवली? कारण परत पाठवायची तर कारण सांगावं लागणार. सतीश म्हणणार, वहिनी सांगतच होती. सासूबाई म्हणणार, शिकलेल्या बायकांचं असंच असतं. आणि सुमनताई काहीच म्हणणार नाहीत — ते तर मला मुळीच सोसलं नसतं. मी काय केलं, तर फाटकाजवळ पडलेली अर्धी वीट घेतली आणि गाडी उभी केली की ती चाकाखाली सरकवायला लागले. कुणी विचारलं नाही. मी कुणाला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत सहा दिवस गेले.

त्या दिवशी माझी तपासणी होती. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. सासूबाई माझ्याबरोबर यायला निघाल्या होत्या, रिक्षात जाऊनही बसल्या होत्या. सतीश कारखान्यावर ड्युटीला. आर्वी माझ्या मागं लागून रडत होती. सुमनताईंनी तिला उचललं, आणि मी — मीच म्हणाले, ‘‘गाडीत घालून फिरवा तिला, गप्प होईल.’’

दोन पावलं गेले आणि मला ब्रेक आठवला. आठवला नाही असं नाही. मी वळून बघितलंसुद्धा. सुमनताई आर्वीचा पट्टा लावत होत्या, तिच्याशी बोबडं बोलत होत्या. सांगू का? सांगितलं तर विचारतील, कधीपासून असं झालंय? मग मी काय सांगू? रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला, सासूबाईंनी हाक मारली. एवढ्याशा वेळात काय होतंय, असं म्हणून मी रिक्षात बसले.

दवाखान्यात माझा नंबर यायच्या आत शेजारच्या काकूंचा फोन आला.

गल्लीच्या तोंडाशी मेथीचा गाडा उभा होता. सुमनताईंनी बाबागाडी थांबवली, खटका दाबला आणि जुडी घ्यायला वळल्या. गाडी उतारावरून सुटली, नालीच्या कठड्याला धडकली आणि उलटली. आर्वीचा हात कोपराच्या वर मोडला. कपाळाला पाच टाके पडले. डॉक्टर म्हणाले, पट्टा लावलेला होता म्हणून डोकं वाचलं. तो पट्टा कुणी लावला होता, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मी ते बोलले नाही.

सुमनताई बाहेर बाकड्यावर बसल्या होत्या. पदराला रक्त होतं. मेथीची जुडी अजून मुठीत तशीच होती. ती खाली ठेवायची असते, हेही त्यांना सुचलं नव्हतं.

‘‘म्या बिरेक लावला व्हता,’’ त्या म्हणत होत्या. ‘‘पायानं दाबला. कट् असा आवाज आला बघा.’’

‘‘आवाज आला तर गाडी कावून गेली?’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘गाडीला काय पाय फुटले?’’

तेवढ्यात सतीश धावत आला. त्यानं आर्वीला पाहिलं, टाके पाहिले, वहिनीचं बोलणं ऐकलं. तो शांत डोक्याचा माणूस आहे. तो माझ्याकडं वळला आणि म्हणाला, ‘‘अर्चना, तू रोज वापरतेस. ब्रेकमध्ये काही बिघाड होता का?’’

सगळे माझ्याकडं बघत होते. सासूबाई, दादा, सतीश. आणि सुमनताई. त्यांनी ज्या नजरेनं माझ्याकडं बघितलं ना — बुडणारं माणूस काठावरच्या माणसाकडं तसं बघत असेल.

मी म्हणाले, ‘‘नाही. ब्रेक चांगला होता.’’

एवढंच. चार शब्द. त्यासाठी मला विचारसुद्धा करावा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सतीश गाडी तपासून बघणार म्हणाला. मी रडायला लागले. ती गाडी मला डोळ्यांसमोर नको, म्हणाले. भंगारवाला गल्लीत आला तेव्हा माझ्या हातानं मी ती त्याला देऊन टाकली. सगळ्यांना वाटलं, आईचा जीव आहे. सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

त्याच दुपारी स्वयंपाकघरात, सुमनताई मागच्या दारात भांडी घासत असताना, त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं सासूबाई म्हणाल्या, ‘‘पोटचं असतं तर हात सुटला असता का?’’ बाहेर भांड्यांचा आवाज थांबला. मी तांदूळ धूत होते. धुतलेले तांदूळ मी परत धुतले.

अजून पुढचं सांगायचंय. हे जे झालं ते एका दिवसाचं होतं. भीतीनं माणूस खोटं बोलून जातं, असं म्हणून तुम्ही मला सोडूनही द्याल. म्हणून पुढचं सांगते.

पंधरा दिवसांनी संस्थेची माणसं येणार होती. सुमनताईंनी दादांना सांगितलं, त्यांना येऊ नका म्हणून कळवा. ‘‘माझ्या हातात लेकरू देऊ नका,’’ म्हणाल्या. दादांनी समजावून पाहिलं. मग ते माझ्याकडं आले. मोठे दीर, कधी माझ्याशी दोन वाक्यांपुढं बोलले नव्हते. ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘तू बोल तिच्याशी. आर्वीची आई म्हणून तू म्हणालीस तर ती ऐकंल.’’

मी गेले. खरंच गेले, सगळं सांगून टाकायचं असं ठरवून गेले. सुमनताई आर्वीसाठी शिवलेल्या झबल्यांच्या घड्या घालत होत्या, पिशवीत भरत होत्या. मी समोर बसले. त्यांनी वर बघितलं. आणि मला दिसायला लागलं — आता सांगितलं तर दादा काय म्हणतील, सतीश माझ्याकडं कसा बघेल, सासूबाई गल्लीभर काय सांगतील. मी म्हणाले, ‘‘ताई, तुमच्या मनाला पटेल तसं करा.’’

त्यांनी मान हलवली. संस्थेला कळवलं गेलं. नंतर वय पुढं गेलं आणि तो विषय घरात कुणी काढला नाही.

मला मुलगा झाला. बारशाला सुमनताईंनी पाळण्यात टोपडं ठेवलं, पण बाळाला घेतलं नाही. कुणीतरी त्यांच्या हातात द्यायला गेलं, तर ‘‘नगं, माझे हात ओले हायत,’’ म्हणून मागं सरल्या. हात कोरडे होते. वर्षभरात दादांनी सिरसाळ्याला बी-बियाणांचं दुकान टाकलं आणि दोघं तिकडं राहायला गेले. नात्यात कुठं लग्न असलं, बायका लेकरं एकमेकींकडं देऊन जेवायला बसतात, तेव्हा सुमनताईंकडं कुणी देत नाही. त्याही मागत नाहीत. आर्वी आता दहा वर्षांची आहे. कपाळावरची खूण मैत्रिणींना दाखवते आणि सांगते, मोठ्या आईनं मला पाडलं होतं. हसत सांगते. मी शेजारच्या खोलीत असते.

यंदा उन्हाळ्यात सासूबाईंचं वर्षश्राद्ध झालं. सगळे जमले होते. पंगती उठल्यावर सुमनताई मला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. केस पार पिकलेत त्यांचे. बराच वेळ साडीचा काठ बोटाला गुंडाळत बसल्या. कळलं का यांना? कुणी सांगितलं? इतक्या वर्षांनी कुठून कळलं?

‘‘अर्चना,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आत्याबाई गेल्या, त्यांच्यापुढं बोलायचं राहून गेलं. तुझ्यापुढं तरी बोलू दे. म्या बिरेक लावला नव्हता.’’

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

‘‘लई वर्षं म्हणत व्हते, लावला, लावला. पण न्हाई. आता समदं आठवतंय. पाय उचलला व्हता, तेवढ्यात भाजीवाला बोलला, अन् तसंच राहिलं. आवाजबी आला नव्हता. म्या तुझ्यापुढं खोटं बोलले पोरी. तुझ्या लेकराचं रगत सांडलं अन् वर खोटं बोलले. मला माफ कर.’’

वयानं, मानानं मोठी बाई. माझ्यापुढं हात जोडून बसली होती.

तुम्हाला वाटत असेल, आता तरी मी सांगितलं असेल. घरात कुणी ऐकत नव्हतं. बाहेर भांडी आवरायची गडबड चालली होती. एक वाक्य पुरलं असतं.

मी त्यांचे जोडलेले हात खाली घेतले आणि म्हणाले, ‘‘असू द्या ताई. मी तुम्हाला केव्हाच माफ केलंय.’’

हे माझेच शब्द आहेत. यातला एकही मी बदललेला नाही.