नकाशावरून फिरायला जाणारे काका

सानपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगचा जिनाही न उतरता अख्खं टोरोंटो पायाखाली घातलेला माणूस जगात एकच, आमच्या वरच्या मजल्यावरचे काका. कॅनडात कायमचं जायचं म्हणून त्यांनी अर्ज टाकलेला. काकूंनी तर दोन बॅगाही आणून ठेवल्या होत्या. उत्तर येईपर्यंत तिकडची बारीकसारीक माहिती काढायची, हा काकांचा नाद. सोसायटीत कुणाचं पोरगं तिकडून आलं की काकांचा हात थेट त्याच्या कोटाच्या खिशात. बसचं तिकीट, दुकानाची पावती, सगळं जप्त! "पगाराचं राहू दे रे, नळ कुठल्या बाजूला फिरतो ते सांग!"

ही सगळी माहिती ते भिंतीवरच्या मोठ्या नकाशात पेनानं भरायचे आणि रोज संध्याकाळी पाचला, "आता तिकडे सकाळ," म्हणत बोटानं त्याच्यावरून फिरायला निघायचे. तेही भर मे महिन्यात, स्वेटर आणि लाल माकडटोपी घालून! मी कराडहून नवाच आलेलो. त्यांची नक्कल करून बिल्डिंगला हसवायचो. काकू मात्र हसायच्या नाहीत. एकदा म्हणाल्या, "बोटाला हात लावून बघ त्यांच्या." लावला. बाकी हात घामेजलेला, आणि ते एकच बोट बर्फागत गार.

त्याच वर्षी माझी ताई लग्न होऊन टोरोंटोला गेली. ती निघताना काकांनी नकाशात तिच्या नव्या घराच्या पत्त्यावर बोट टेकवलं. "तिसऱ्या पायरीवर जपून गं, सैल आहे." महिन्याभरानं ताईचा फोन आला. पायरी खरंच सैल होती. मी हसायला लागलो.

"हसू नको, पुढचं ऐक," ताई म्हणाली. "समोरची म्हातारी विचारत होती, रोज सकाळी लाल टोपी घालून जाणारे तुमच्याकडचे गृहस्थ आठवडाभर दिसले नाहीत, बरे आहेत ना?"

त्या आठवड्यात काका मलेरियानं पडून होते. नकाशाला बोट लागलं नव्हतं. मी नक्कल बंद केली.

पुढे उत्तर आलं. मंजूर! काकू देवापुढे साखर ठेवायला धावल्या. काकांनी कागद दोनदा वाचला, नीट घडी घातली.

"मग, कधी निघायचं काका?" मी विचारलं.

ते खुर्चीत टेकले. एवढं दमलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "निघायचं कुठं रे आता? आत्ताच तर परत आलो. इतकी वर्षं फिरलो तिकडे, रस्त्यात भेटणारे सगळे मान हलवून हसायचे. पण घरात ये म्हणून कुणी बोलावलं नाही बघ." मग आत बघत हळूच म्हणाले, "काकूला सांग, जरा आलं घालून चहा टाक म्हणावं."