उंदराचा पहिला नंबर

आमच्या घरी टीव्ही नव्हता. आई दुसऱ्यांच्या उसात भांगलायला, तण काढायला जायची आणि मी शेजाऱ्यांच्या खिडकीचा गज धरून उभ्याउभ्या कार्टूनचे सिनेमे बघायचो. पुढं मी घरातला पहिला पदवीधर झालो, आणि सांगलीच्या एका वाचनालयानं मुलांना दाखवायला सर्वांत चांगला कार्टून सिनेमा मलाच निवडायला सांगितला.

आष्ट्याहून सांगलीच्या एसटीत बसलो, तर शेजारी एक म्हातारे पैलवान. कान चेपलेले, आणि बोलताना समोरच्याचं मनगट धरून ठेवायची सवय. त्यांना सगळं सांगितलं. "एका नव्या सिनेमाची चित्रं लय देखणी हाईत. पण पहिला नंबर माझ्या लहानपणीच्या उंदराच्या सिनेमाचाच."

"शेवटाला उंदीर जिंकतो का?"

"शेवट न्हाई बघितला. तवा लाईट गेली."

त्यांनी मनगट आवळलं. "आरं गड्या, अर्धी कुस्ती बघून गदा दिलीस व्हय?"

मागचे दोघं हसले. मीही पदवीधर, हटतो कशाला. विचारलं, "आवं, तुमचा एक नंबर पैलवान कोण?"

"आमचा वस्ताद."

"त्यांची कुस्ती बघितली?"

"न्हाई. मी तालमीत गेलो, तवा त्यांचं गुडघं गेलं हुतं." एवढं बोलून त्यांनी माझं मनगट सोडलं.

घरी येऊन मी उंदीर शेवटापर्यंत बघितला. चित्रं ओबडधोबड, आणि शेवटी तो नुसताच नाचतो. वाचनालयाला नव्या सिनेमाचं नाव कळवलं. उंदीर आईला दाखवला, खुर्चीत बसवून.

"ह्याच्यापायी जेवायला येत नव्हतास व्हय?" ती म्हणाली.

आता टीव्ही आमचा आहे.