आना नावाच्या घंटेचा दोर

आमच्या गावच्या थोरल्या घंटेचे रीतसर बारसे झाले होते. नाव आना. बिशपांनी तिला तेल लावले, पाणी शिंपडले, आणि तिच्या आवाजापुढे वादळ टिकत नाही असे तिच्या काठावर लॅटिनमध्ये कोरून घेतले. ढगांना लॅटिन येत नसावे.

काळे ढग दिसले की मनोऱ्यात जाऊन आना वाजवायची आणि वादळ सरेपर्यंत थांबायचे नाही, हे घंटेकऱ्याचे काम. त्याबद्दल त्याला मनोऱ्यालगतचे घर आणि सुगीत घरटी एक पेंढी मिळे. वालबुर्गाचा बाप याच कामात गेला. दोर हातात असतानाच वीज पडली. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. तो बिअर पिऊन दोराला लागला होता म्हणून देव कोपला, असे त्या वेळच्या पाद्र्यांनी सांगितले. बिअर पिणाऱ्यांवर विजा पडायच्या असत्या तर आमच्या बाव्हेरियात पाद्र्यांसकट कोणी उरले नसते.

पुढे तिचा नवरा फाइट त्याच दोरापाशी मेला. ईस्टर होऊन दोन आठवडे झाले होते. मातीच्या वेळी फादर अर्झिंगर म्हणाले, फाइटने यंदा पापांची कबुली दिली नव्हती, त्याचे हे फळ.

आता, ईस्टरआधी कबुली दिली की पाद्री सहीची एक चिठ्ठी देतात आणि नंतर घरोघर हिंडून त्या परत गोळा करतात. कोण चुकला ते त्यावरून कळते. फादर फाइटच्या घरी पोचायच्या आत वीज पोचली होती. वालबुर्गाने फाइटच्या रविवारच्या कोटातून चिठ्ठी काढली आणि फादरांपुढे धरली. त्यांनी स्वतःची सही लक्षपूर्वक वाचली. मग दुसरे काही पाप असेल, असे म्हणून त्यांनी विचारले, गालुस कधीपासून कामाला लागतोय?

गालुस तिचा एकुलता मुलगा, एकोणीस वर्षांचा. खांदे बापासारखे.

वालबुर्गा मठात अंडी पोचवत असे. मठातले फादर कोलोमान शास्त्राचे अभ्यासक होते. काचेचे चाक फिरवून ठिणग्या पाडायचे यंत्र त्यांच्याकडे होते, आणि त्याला जोडलेला लाकडाचा एक वीतभर मनोराही. त्यांनी मनोऱ्यातल्या दोऱ्याचे टोक तिच्या हातात दिले आणि चाक फिरवले. काही झाले नाही. मग दोरा पाण्यात बुडवून पुन्हा दिला. तिच्या बोटाला असा चटका बसला की टोपलीतली दोन अंडी फुटली.

"हेच का ते?"

"हेच, बाई. आकाशातलं मोठं असतं, एवढंच. पावसात दोर भिजतो, आणि दोराच्या टोकाला माणूस असतो."

"तुम्हाला हे कधीपासून ठाऊक आहे?"

कोलोमान सज्जन माणूस, खोटे बोलले नाहीत. "अकरा वर्षं."

"माझ्या नवऱ्याला जाऊन पाच आठवडे झाले."

त्यांनी सांगितले की यावर त्यांनी लॅटिनमध्ये निबंध लिहिला होता, म्युनिकच्या विद्वानांनी त्याची वाखाणणीही केली होती. पण आमचे गाव मठाच्या अखत्यारीत येत नाही, तेव्हा तिथल्या पाद्र्याला शिकवायला जाणे बरे दिसले नसते. मठ आमच्या गावापासून पाऊण तासावर आहे. अंडी पोचतात.

जुलैत, गहू उभा असताना, भरदुपारी आभाळ काळे झाले आणि पाऊस लागला. मोठा शेतकरी कोर्बिनिआन चार माणसे आणि फादर अर्झिंगर यांना घेऊन दारात आला. गालुस उठला. वालबुर्गाने त्याला खाली बसवले, किल्ली घेतली, स्वतः जाऊन मनोऱ्याचे दार उघडले आणि दोराचे टोक कोर्बिनिआनपुढे धरले.

"गहू तुमचा आहे, दादा. ओढा."

"वहिनी, ते घंटेकऱ्याचं काम."

"मग फादर, तुम्ही धरा. तुमच्या अंगावर तर पापही नाही."

फादरांनी दोराकडे पाहिले. तो ओला होता. पाद्र्याची जागा वेदीपुढे असते, असे ते म्हणाले आणि निघाले. वेदीकडे इतक्या लगबगीने जाताना आम्ही त्यांना कधी पाहिले नव्हते. बाकीच्यांनाही आपापल्या गोठ्यातली कामे आठवली. वालबुर्गा दार ओढून घरी गेली.

घटकाभराने वीज मनोऱ्यावरच पडली. दोर जळाला आणि घंटेकरी उभा राहतो ती फरशी तडकली. फरशीवर कोणी नव्हते.

रविवारी फादर म्हणाले, घंटा वाजली नाही म्हणून वीज पडली. वाजत असताना दोनदा का पडली, हे विचारायचे कोणाला सुचले नाही. सुचले असेल त्याने गिळले. त्या सुगीत साऱ्या गावातून तीनच पेंढ्या आल्या, आणि मग मनोऱ्यालगतचे घरही गेले. नव्या घंटेकऱ्याचे नाव लिहीत नाही. त्याची विधवा अजून गावात आहे.

त्यानंतर राजधानीहून हुकूम आला की वादळात घंटा वाजवू नये. फादरांनी तो हरवलेल्या गायीच्या सूचनेनंतर, घशातल्या घशात वाचला.

वालबुर्गा गिरणीमागच्या खोलीत राहू लागली, गालुस लाकडे तोडू लागला. ईस्टरनंतर फादर चिठ्ठ्या गोळा करायला आले. तिने दोन दिल्या. तिसरी, फाइटची, क्रुसाखाली खिळ्याला टोचलेली होती.

"ती जुनी झाली," फादर म्हणाले. "काढून टाक."

"वाचता येते अजून," वालबुर्गा म्हणाली, आणि त्यांच्यासाठी दार उघडून उभी राहिली.