दोन क्रेडिटांची चित्रकला

असे किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. बारामतीच्या स्टँडवर एखादी जुनी विद्यार्थिनी भेटते, कडेवर लेकरू असतं, "मॅडम, चित्रकलेचा तास आठवतोय का?" एवढंच विचारते आणि तिची गाडी लागते. ती जाते, मी मात्र आठवत बसते.

इथल्या एका कॉलेजात मी काही वर्षं 'दृश्यकलेची तोंडओळख' नावाचा कोर्स शिकवायचे. दोन क्रेडिटांचा. बी.ए., बी.कॉम., सायन्स, कुणीही घ्यावा. आता त्या खोलीत कॉम्प्युटर बसवलेत. भिंतीवरचे आमच्या कोळशाचे डाग म्हणे रंग मारला तरी वर येतात.

*

पहिल्या तासाला मी सगळ्यांना विचारलं, "हा कोर्स का घेतला?" मला वाटलं, लहानपणापासूनची आवड वगैरे ऐकायला मिळेल. सणसरची शुभांगी उभी राहिली. ऊसवाल्या शेतकऱ्याची मुलगी, बी.कॉम.ला होती.

"मॅडम, हा तास सुटला की लगीच आमची यष्टी हाय."

मागून चार-पाच जण म्हणाले, "आमचं पण तेच."

दिवाळीनंतर तीच शुभांगी तास संपला तरी जागची हलेना. म्हटलं, "अगं, एसटी?"

मान वर न करता म्हणाली, "दुसरी हाय की मागनं."

*

कोळशाने काढलेलं चित्र पुसायला मऊ पाव चांगला. म्हणून मी बेकरीतून एक लादी आणली आणि टेबलावर ठेवली. फळ्याकडे वळून सावली कशी धरायची ते समजावत होते. परत वळले तर लादी नाही.

पोरं पहाटे घरून निघालेली, पोटात काही नाही. कुणी कुणाचं नाव सांगेना. शेवटी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्यात कुणाचं काय चुकलंच न्हाय. खोडायचं काय?"

पुढच्या तासापासून मी दोन लाद्या आणायला लागले. एक खोडायची, एक खायची.

*

पर्स्पेक्टिव्ह शिकवताना सांगितलं, की समांतर रेघा लांब जाता जाता एकमेकींजवळ येताना दिसतात. शुभांगीनं घरच्या रानाचं चित्र काढलं. उसाची नुकतीच लागण झालेली, सऱ्या दूरवर निमुळत्या होत गेलेल्या. फार सुरेख जमलं होतं. कौतुकानं घरी नेलं.

तिचे वडील, तात्या, चित्र हातात धरून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "वरच्या अंगाला बांध कुणी कोरला?"

पोरीनं परोपरीनं समजावलं, पण सकाळी तात्या टेप घेऊन रानात गेलेच. रान बरोबर भरलं. तरी घरी येऊन त्यांनी बजावलं, "फुडच्या टायमाला कड सरळ काढ. आपलं रान कागदावर सुदीक कमी दाखवायचं न्हाय."

*

एकदा सायन्सची एक मुलगी वर्गमैत्रिणीचा डोळा काढत होती. पापण्यांपाशी अडली. तिनं अंगठा आणि बोट कागदावर टेकवून फाकवली, मोबाईलवर फोटो मोठा करतात तशी. सगळा वर्ग हसला. ती लाजली.

परवा घरी जुना अल्बम बघताना, त्यातल्या एका फोटोवर मीही तेच केलं.

*

भिगवणला रोहित पक्षी बघायला सगळेच जातात, तसे आम्हीही स्केचिंगला गेलो. पक्षी काही एका जागी थांबेनात. सोहेल वैतागला. तो भिगवणचाच, घरी मासळीचा धंदा. मी म्हटलं, "न हलणारं काहीतरी काढ."

पुढच्या तासाला त्यानं टेबलावर ओला फडका उलगडला. आत भली मोठी चिलापी मासळी.

"ही हालत न्हाय, मॅडम."

दिवस एप्रिलचे, डोक्यावर पंखा गरगरतोय. अर्ध्या तासात शेजारच्या वर्गातले अकाउंट्सचे सर नाकाला रुमाल लावून आले. भांडायलाच आले होते, पण सोहेलच्या कागदापाशी थबकले. वाकून बघितलं.

"मला वाटतं, वास यातूनच येतोय," म्हणाले आणि निघून गेले.

सोहेलची नंतर बरीच चित्रं बघितली, पण एवढी मोठी दाद त्याला पुन्हा कुणी दिली नाही.

*

सुप्याचा रणजित मात्र गप्प मुलगा. वडिलांनी, म्हणजे आबांनी, त्याला पोलीस भरतीच्या अकॅडमीत घातलं होतं. ते सोडून तो बी.ए.ला आला, तेव्हापासून बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते. एकाच खोलीत जेवायला बसायचे आणि आबा आईला म्हणायचे, "त्याला सांग, जनावरांना पाणी दाखव." रणजितही आईलाच सांगायचा, "दाखवलंय म्हणावं." हे त्यानंच मला कॅन्टीनमध्ये हसत हसत सांगितलं होतं. हसू फार वेळ टिकलं नाही.

त्या आठवड्यात मी घरचा अभ्यास दिला. घरातल्या कुणाला तरी समोर बसवायचं, पेन कागदावर टेकवायचं आणि नजर फक्त माणसावर ठेवायची. कागदाकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, चेहरा पुरा होईपर्यंत पेन उचलायचं नाही. चित्र वेडंवाकडंच येतं. हात नाही, डोळा तयार व्हावा, एवढ्यासाठी ते करायचं.

सोमवारी कुणी आई काढून आणली, कुणी बहीण. रणजितनं सगळ्यात शेवटी कागद पुढं केला. टोपी एकीकडे, मिशी कपाळावर, एक डोळा कानाखाली.

"कोण रे हे?"

"आबा."

"बसले?"

"आई मामाकडं गेलीवती. घरात दुसरं कुणी नव्हतं. मीच म्हणलं, कॉलेजचं हाय, जरा बसा. बसले."

"काही बोलले का?"

"बोलायचं न्हाय, असं मी आदीच सांगितलं होतं."

"आणि चित्र बघून?"

त्यानं कागद माझ्या हातातच उलटा केला. मागच्या बाजूला आणखी एक चेहरा होता. रेघ इतकी दाबून ओढलेली, की एक-दोन ठिकाणी कागद फाटला होता. नाक गालाच्या बाहेर गेलं होतं.

"हे कुणी काढलं?"

"आबांनी," रणजित म्हणाला. "माझ्या हातातनं पेन घेतलं आन् म्हणले, आता तू बस."