सीटजवळचे दोन दांडे

जाहेदाचा नवरा हारुन नंदुरबारच्या आसपासच्या गावांत भाड्याने नांगरटी करायचा. त्याचा ट्रॅक्टर परदेशी बनावटीचा, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात घेतलेला. तसा दुसरा पंचक्रोशीत नव्हता. दांड्यांजवळची अक्षरं कधीच पुसली गेली होती, पण हारुनचं त्यांच्यावाचून काही अडत नसे. जाहेदा भाकरी घेऊन शेतावर गेली की तिला दिसे, त्याची नजर नांगराच्या तासावर असायची आणि हात आपोआप हव्या त्या दांड्यावर जायचा.

हिवाळ्यात त्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समज शाबूत होती, पण भेटायला येणारे सगळं जाहेदालाच विचारत. जेवतात का, झोप लागते का. तो भिंतीकडे तोंड करून पडून राही. हळूहळू जाहेदाचंही बोलणं कमी झालं. जो उत्तर देऊ शकत नाही, त्याला विचारायचं तरी काय?

मे महिन्यात गजराबाई आली. तिचा मिरचीचा तुकडा दरवर्षी हारुनच नांगरायचा. वाट अरुंद, शेत लहान. मोठे ट्रॅक्टरवाले तिकडे वळतही नसत.

"हारुनभाऊले बरं वाटू दे, मंग नांगरसूत," ती म्हणाली आणि चहा पिऊन गेली. पाऊस तिच्यासाठी थांबणार नव्हता, हे दोघींनाही ठाऊक होतं.

जाहेदाने छगन मिस्तरीला बोलावलं आणि ट्रॅक्टर मीच चालवणार म्हणून सांगितलं. छगन हसला नाही. त्याने बॅटरी बदलली, क्लच, ब्रेक, गिअर समजावले. घरामागच्या मोकळ्या पटांगणात ती रोज सकाळी चकरा मारू लागली. पण काही दांड्यांपाशी छगनचंही गाडं अडलं. सीटच्या उजवीकडे दोन सारखे दांडे होते. एकाने नांगर वर-खाली होई. दुसरा हलवला तरी काहीच होईना.

"भाभी, हाई माले माहीत नही," तो म्हणाला. "हारुनभाऊलेच इचारा."

दोघांनी हारुनला खुर्चीत बसवून ट्रॅक्टरजवळ आणलं. जाहेदाने आधी सीटच्या डाव्या बाजूच्या एका दांड्यावर हात ठेवला आणि हा कशाचा, असं विचारलं. तो दुसरीकडेच बघत राहिला. ती थांबली. शेवटी त्याने डावा हात उचलून बोट गोल फिरवलं. मागचा फिरता शाफ्ट, मळणीयंत्राला जोडायचा. मग इंजिनाजवळची लहान कडी. त्याने गाल फुगवून सगळा श्वास सोडून दिला. छगनला लगेच उमगलं: इंजिन सुरू करताना आतला दाब सोडायची कडी.

उरला तो सीटजवळचा दुसरा दांडा. हारुनने खुणा केल्या, पण कुणालाच कळेना. छगनचे अंदाज चुकत गेले. हारुनने खुर्चीवर हात आपटला आणि तोंड फिरवलं. आता हा पुन्हा भिंतीकडे वळणार, असं जाहेदाला वाटलं.

पण त्याने तिला जवळ बोलावलं. तिचा तळवा उताणा केला, त्यावर मूठ ठेवली आणि दाबली. तिने हात सैल सोडला, तशी मूठ खाली गेली. त्याने पुन्हा दाबली. या वेळी तिने हात ताठ धरला, तर मूठ वर उचलली गेली. सैल, खाली. ताठ, वर.

"जमीन कठीण लागनी का नांगर आपोआप वर येस?" तिने विचारलं.

हारुनच्या तोंडून आवाज निघाला. शब्द नव्हता, पण होकार होता.

गजराबाईच्या शेतातले पहिले तास वाकडेतिकडे गेले. गजराबाई बांधावर बसून बघत राहिली. दुपारनंतर ते बरे जमू लागले. संध्याकाळी घरी आल्यावर जाहेदाने खाटेजवळ बसून हारुनला सगळं सांगितलं. कुठे दगड लागला, वळताना कशी भीती वाटली. तो ऐकत होता. मग त्याने अंगठा तोंडाशी नेऊन दाराकडे बोट दाखवलं. तिला आठवलं, घरी आल्यावर तो आधी ट्रॅक्टरची डिझेलची टाकी भरायचा. रिकाम्या टाकीत रात्री पाणी धरतं म्हणायचा. ती विसरली होती.

हारुनने खाटेवर हात आपटला. कपाळावर आठ्या, डोळे वटारलेले. इतक्या महिन्यांत तो तिच्यावर असा रागावला नव्हता. जाहेदा पुटपुटत उठली आणि डिझेलचा डबा घेऊन बाहेर गेली.